जर्दाळू पाट्यांमधली एक पांढरी

कार्यक्रमात पाट्या धराव्यात की धरू नयेत, यावरून त्या मंगळवारी सुनिमच्या दुकानात असं काही रण माजलं की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत भाऊबंदांची वाटणी चाललीये. दुकान कोरियातल्या गुनसान गावच्या जुन्या बाजारात, मासळीवाल्यांच्या मागच्या गल्लीत. किमची, खारवलेला मुळा, तिळाच्या तेलातला पालक, असं जेवणात तोंडी लावायला लागणारं सगळं सुनिम स्वतः करायची आणि डब्यांत भरून विकायची. दुकानामागे एक उबदार खोली होती. तिथे महिन्यातून दोनदा पेक हारमच्या चाहत्यांचं मंडळ भरायचं. बावीस बायका, आणि त्यातली सगळ्यांत धाकटी एकोणसाठ वर्षांची.

हारम म्हणजे ट्रॉट गाणारा पोरगा. स्वर लांबवून लांबवून माणसाला रडवणारी ती जुनी ट्रॉट गाणी आता संपली असं सगळे म्हणत होते, तेवढ्यात टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून हा सत्तावीस वर्षांचा मुलगा आला आणि देशातल्या समस्त म्हाताऱ्यांना खुळावून गेला. मंडळात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. ‘आमचा मुलगा’ म्हणत. यांचे खरे मुलगे सोलला नोकरीला, महिन्यातून एकदा फोन करणारे, तोही घाईत. हा निदान रविवारी टीव्हीवर दिसायचा तरी.

मंडळाचा रंग जर्दाळूचा. जॅकेट त्या रंगाचं, टोपी त्या रंगाची, पाट्याही त्याच रंगाच्या. येत्या रविवारी दुपारी जोन्जूच्या सभागृहात टीव्हीच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण होतं आणि मंडळाला सातवी नि आठवी रांग मिळाली होती. आनंदीआनंद व्हायला हवा होता. पण मागच्या वेळी दुसऱ्या कुठल्या गावच्या एका बाईने पलंगाच्या चादरीएवढी पाटी उभारली होती, ‘माझ्या मुलीशी लग्न करशील का’ म्हणून, आणि मागच्या तीन रांगांना दोन तास नुसती चादर बघत बसावं लागलं होतं. त्यावरून इंटरनेटवर इतकी शिवीगाळ झाली की हारमच्या कचेरीतून सगळ्या मंडळांना समज आली.

एक गट म्हणाला, पाट्या बंदच करा, तिकिटासाठी तीन-तीन तास रांग लावायची ती काय पुठ्ठा बघायला? दुसरा गट म्हणाला, वा, पाटी नसेल तर त्याला कळणार कसं की आपण गुनसानहून तंगडतोड करत आलोय? यात तथ्य होतं. दोन गाण्यांच्या मधे हारम समोरच्या पाट्या वाचायचा. वाचायचा, चेष्टा करायचा, एखादीला उठवून दोन शब्द बोलायचा. ‘गुनसानच्या आया जेवून आल्या का?’ एवढं म्हणाला तरी बायकांना ते महिनाभर पुरायचं.

शेवटी तोक्जाने हात वर केला. तोक्जा मंडळाची अध्यक्ष, पोस्टातून निवृत्त झालेली, आणि सगळं आयुष्य लोकांना ‘रांगेत या’ सांगण्यात गेल्यामुळे आवाज तसाच.

“पाट्या असतील,” ती म्हणाली. “पण हनुवटीच्या वर जायच्या नाहीत. आणि त्यावर त्याच्या नावाशिवाय एक अक्षर नको. ज्यांना घरच्या भानगडी सांगायच्यात त्यांनी देवळात जावं.”

बायका हसल्या. सुनिम डब्यांची झाकणं लावत बसली होती, तीही हसली. पण तिची पाटी लिहून तयार होती. वरच्या माळ्यावर, सुक्या मिरच्यांच्या पोत्यामागे. मंडळाच्याच पाटीच्या मागच्या बाजूला तिने पांढरा कागद चिकटवला होता आणि दुकानातले भाव लिहायच्या जाड पेनाने त्यावर एक ओळ लिहिली होती. ‘त्या दिवशी बाबांना मीच सांगितलं.’

आता ही काय भानगड, ते सांगायला हवं. सुनिमला एक धाकटी बहीण होती. मिरान. होती म्हणजे आहे, कुठेतरी आहे. गोछांगजवळच्या खेड्यात दोघी वाढल्या, एका गोधडीत झोपल्या. मिरानचा गळा असा की धान लावताना ती गायला लागली की शेजारच्या शेतातले लोक कंबर सरळ करून उभे राहायचे. सोळाव्या वर्षी तिने तालुक्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं आणि ॲल्युमिनियमचं भलंमोठं पातेलं डोक्यावर घालून नाचत घरी आली. बाबांनी पातेलं ठेवून घेतलं नि गाणं बंद केलं. गाणाऱ्या मुलीला त्या काळी काय म्हणत, ते मी इथे लिहीत नाही.

सतराव्या वर्षी मिरानने पळून जायचं ठरवलं. क्वांगजूतल्या एका वाद्यवृंदाने तिला बोलावलं होतं. आंगणातल्या सोयाबीनच्या रिकाम्या रांजणात तिने कपड्यांचं गाठोडं लपवलं आणि जगात एका माणसाला सांगितलं. ताईला. “बाजाराच्या दिवशी पहिल्या बसने जाते,” म्हणाली, “कुणाजवळ बोलू नकोस हं, ताई.”

सुनिम वीस वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. बहीण पळाली तर सोयरीक मोडणार, हे तिला दिसत होतं. ते खरं कारण होतं. पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की मिरान निघून जाणार आणि आपण इथेच राहणार, हे तिला सोसेना. जिच्यावाचून घास उतरत नाही ती इतक्या खुशीत निघालीये कशी? त्या रागात तिने रात्री बाबांच्या कानावर घातलं.

बाबांनी मिरानला बसथांब्यावरून ओढत आणलं आणि भर आंगणात, मेंढी कातरावी तसे तिचे केस कापले. मुलगी घराबाहेर पडू नये म्हणून बाप असं करत असत तेव्हा. मिरान रडली नाही. तीन आठवडे डोक्याला फडकं बांधून हिंडली, आणि बसथांब्यावर तिकिटं विकणाऱ्या म्हातारीला शिव्या घालत राहिली, तिनेच चुगली केली म्हणून. सुनिम शेजारी बसून ऐकायची आणि मान हलवायची. मान हलवायची! बाविसाव्या दिवशी मिरान गेली ती गाठोडं न घेताच गेली. सुनिमचं लग्न ठरल्या दिवशी झालं.

त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली. नवरा गेला, मुलगा इंचनला गेला. लग्नात, बारशात, नवऱ्याच्या मर्तिकातसुद्धा सुनिमची नजर दाराकडे असायची. ट्रॉटची तिला पहिल्यापासून आवड होती असं मंडळातल्या सगळ्यांना वाटे. आवड कसली? टीव्हीवर मागच्या रांगेत साथीला गाणाऱ्या बायकांचे चेहरे ती निरखून बघायची. पुढे मिरानचं वय साथीला गाण्याचंही राहिलं नाही, मग प्रेक्षकांचे चेहरे बघू लागली. हारम तिला आवडायचा, खोटं कशाला बोला, पण ती त्याच्याकडे सगळ्यांत कमी बघायची.

दोन वर्षांपूर्वी धीर करून ती पोलिसांत गेली. ताटातूट झालेल्या घरच्यांचा ते शोध घेतात. छू नावाचा अधिकारी, मुलाच्या वयाचा, सभ्य. महिन्याभराने त्याने बोलावून घेतलं, खुर्ची दिली, बार्लीचा गरम चहा दिला. चहा दिला तेव्हाच सुनिम समजली. बहीण हयात आहे, त्याने सांगितलं, तब्येत बरी आहे. पण तिची भेटायची इच्छा नाही. आणि तिची इच्छा नसेल तर ती कुठे आहे, कोणत्या नावाने राहते, यातलं काहीही सांगायची कायद्याने मुभा नाही.

“एक चिठ्ठी देतो का रे, बाळा? फक्त एक ओळ,” सुनिमने विचारलं होतं.

“नाही देता येत, आजी. त्यांनी नको म्हटलंय ना.”

आली घरी. बारा दिवस दुकान उघडलं नाही. मग पुन्हा उघडलं, करते काय. पण हयात आहे हे कळल्यापासून तिचा जीव जास्तच टांगणीला लागला. हयात आहे म्हणजे कुठेतरी भांडी घासतेय, खोकतेय, आणि रविवारी दुपारी टीव्ही लावतेय. बाकी कशाची खात्री नव्हती, पण मिरान ट्रॉट ऐकल्यावाचून राहायची नाही, याची सुनिमला खात्री होती. चिठ्ठी जात नसेल तर पाटी जाईल. पाटीवर नाव नको, तिने नको म्हटलंय. पण कबुली द्यायला नाव कशाला लागतं?

फक्त एका गोष्टीने तिची झोप उडाली होती. मिरानला अजून वाटत असेल की चुगली त्या म्हातारीने केली, तर कधीतरी, अगदी म्हातारपणी का होईना, ताईची आठवण येऊन ती दार ठोठावण्याची आशा होती. पाटी वाचली की तेवढंही संपलं. न सांगावं तर जन्मभर खोटेपणाने वाट बघायची, आणि सांगावं तर वाट बघण्यात अर्थ नाही. किमचीला मसाला चोळता चोळता ती रोज एकदा ठरवायची की नाही न्यायची ती पाटी. आणि रविवारी सकाळी बसमध्ये चढली तेव्हा ती तिच्या काखेत होती, जर्दाळू बाजू बाहेर करून.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निळ्या मंडळाच्या बायका एकीकडे, जांभळ्या दुसरीकडे, आणि एकमेकींच्या पाट्यांकडे नाकं मुरडणं चाललेलं. कॅमेरा लांब दांड्यावरून डोक्यांवर फिरत होता. तोक्जाने दोन्ही रांगांतून फिरून प्रत्येकीची पाटी तपासली, हनुवटी कुठे नि पाटी कुठे ते बोटाने मोजून दाखवलं, आणि सुनिमच्या शेजारी येऊन बसली. हारम आला. चकचकीत पांढरा कोट, केस मागे वळवलेले. दोन गाणी झाली. बायका ओरडून ओरडून घोगऱ्या झाल्या. मग दिवे जरा वाढले, तो पाणी प्यायला आणि मंचाच्या कडेला येऊन पाट्या वाचू लागला.

सुनिमने पाटी फिरवली.

पांढरी बाजू मंचाकडे झाली आणि जर्दाळू बाजू मागे. मागच्या रांगेतून लगेच कुजबुज. अगं सुनिमने पाटी उलटी धरलीये. वय झालं हो बिचारीचं. कुणीतरी तिच्या पाठीत बोट खुपसलं. तोक्जाने तर सरळ पाटीची कड धरली आणि फिरवायला लागली. सुनिमने फिरवू दिली नाही. दोघी सत्तरीला आलेल्या बायका पुठ्ठ्याच्या एका तुकड्यासाठी शाळेतल्या पोरींसारखी ओढाताण करत होत्या, आणि त्या ओढाताणीत पाटी हनुवटीच्या कितीतरी वर गेली. त्यामुळेच ती हारमला दिसली असावी.

“गुनसानच्या आयांमध्ये मारामारी लागलीये वाटतं,” तो माईकवर म्हणाला. हशा झाला. मग त्याने डोळे बारीक करून वाचलं. “त्या दिवशी बाबांना मीच सांगितलं.” हशा आणखी वाढला. “काय सांगितलंत हो, आई? माझ्याबद्दल तर नाही ना?”

कुणीतरी धावत येऊन सुनिमच्या हातात माईक दिला. ती उभी राहिली. समोर पाच हजार माणसं, कॅमेऱ्याचा लाल दिवा, आणि तोक्जा तिचं जॅकेट खालून ओढतेय. अजून बोलता आलं असतं काहीतरी. तुझं गाणं मी लपून ऐकत होते ते बाबांना सांगितलं, असलं काही बोलली असती तर सगळे हसले असते आणि ती खाली बसली असती. क्षणभर तिच्या ते मनातही आलं.

“माझी धाकटी बहीण तुझ्यासारखं गायची,” ती म्हणाली. “तुझ्यापेक्षा बरं गायची, राग मानू नकोस. घरात गाऊ देत नव्हते म्हणून पळून जाणार होती. मला विश्वासाने सांगितलं. मी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी तिचे केस कापले. ती दुसऱ्याच बाईला दोष देत राहिली आणि मी गप्प बसले. अठ्ठेचाळीस वर्षं गप्प बसले.”

हारमच्या चेहऱ्यावरचं मंचावरचं हसू गेलं आणि तो एकदम कुणाच्या तरी घरातला मुलगा दिसायला लागला. त्याने विचारलं, त्यांचं नाव काय, आई? कॅमेऱ्यासमोर सांगा ना, सापडतील त्या.

“नाव नाही सांगणार,” सुनिम म्हणाली. “तिला नकोय ते. ती आहे तिथे बरी असू दे. माझ्यावर राग धरून असली तरी चालेल, पण ज्याचा त्याच्यावर धरावा. तिकीटवाली म्हातारी निर्दोष होती. एवढंच सांगायचं होतं.”

हारम कंबरेत वाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग खालून दिग्दर्शकाने हात फिरवला, वाद्यं सुरू झाली.

परतीच्या बसमध्ये एरवी गाण्यांचा धुमाकूळ असे. त्या दिवशी सगळ्या खिडकीबाहेर बघत होत्या. अर्धी वाट सरल्यावर तोक्जाने पिशवीतून समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात काढला, एक तुकडा सुनिमच्या हातावर ठेवला, आणि म्हणाली, “मंडळातून काढणार होते तुला. खा आता.” सुनिमने खाल्लं. अठ्ठेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं की हलकं वाटतं म्हणतात. तिला काही हलकंबिलकं वाटलं नाही. मिरानची मात्र फार आठवण आली.

तीन आठवड्यांनी कार्यक्रम लागला. कापून कापून तिचं बोलणं मिनिटभराचं केलं होतं, पण पाटी होती, केस होते, म्हातारीही होती. सगळं मंडळ मागच्या खोलीत दाटीवाटीने बसून बघत होतं. संपताक्षणी फोन सुरू झाले. इंचनहून मुलगा, जावेची सून, गोछांगचे लोक, ज्यांना सुनिम मेली की जगली हेही माहीत नव्हतं ते. दुकानात अनोळखी माणसं येऊन मुळा घेता घेता हात धरून रडून जायची. एका मासिकवाल्याला तिने हाकलून दिलं. फोन वाजला की आधी तिचा श्वास थांबायचा, मग ती ‘हॅलो’ म्हणायची. दहा दिवस असे गेले. पाटीवरून इंटरनेटवर पुन्हा भांडण पेटलंय असं तोक्जा सांगायची. अर्धे म्हणतात असल्या पाट्यांसाठीच पाट्या असाव्यात, अर्धे म्हणतात गाण्याच्या कार्यक्रमात रडारड कशाला. सुनिमने त्यातलं काही ऐकलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ती कोबी मिठात घालत असताना फोन वाजला. अधिकारी छू होता.

त्याने आधी विचारलं, आजी, बसलात का कुठे? ती बसली. तो म्हणाला, काल त्यांचा स्वतःहून फोन आला होता. भेटायची इच्छा अजूनही नाहीच म्हणाल्या. पत्ताही द्यायचा नाही. पण त्यांनी निरोप ठेवलाय, आणि तो त्यांनीच ठेवलाय म्हणून मला सांगता येतोय.

“सांग,” सुनिम म्हणाली. मिठाचे हात तिने हवेतच धरले होते, फोन खांद्याने दाबून.

“म्हणाल्या, मला त्या दिवशीच कळलं होतं. बसथांब्यावर बाबा आले तेव्हाच कळलं, कारण गाडीची वेळ मी तुझ्याशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. म्हातारीला मी शिव्या घालत होते त्या तुला ऐकू याव्यात म्हणून. तू तीन आठवड्यांत एकदा तरी बोलशील म्हणून मी थांबले होते.”

तीन आठवडे! तीन आठवडे ती पोर डोक्याला फडकं बांधून शेजारी बसत होती, दळताना, निवडताना, झोपताना, आणि वाट बघत होती. आणि आपण मान हलवत होतो. गेली ती केस कापले म्हणून नाही गेली. बाहेर बाजारात मासळीवाल्यांची ओरड चालू होती आणि सुनिम तोंड उघडं टाकून रडत होती, आवाज न करता.

मग छू जरा चाचरत म्हणाला, “अजून एक आहे, आजी. म्हणाल्या, टीव्हीत उठताना तुम्ही समोरच्या खुर्चीचा आधार घेतलात, डावा गुडघा नीट सरळ होत नव्हता. आईचा असाच होता म्हणाल्या. दुर्लक्ष करू नका, डॉक्टरला दाखवा.”

सुनिमने खारट हाताने डोळे पुसले, ते आणखी चुरचुरले.

“त्यांना उलट निरोप द्यायची मला परवानगी नाही,” छू म्हणाला. “पण पुन्हा त्यांचा फोन आलाच, तर काय सांगू?”

“दाखवते म्हणावं,” सुनिम म्हणाली. “आजच जाते म्हणावं.”